तरसाच्या पोटात काय होतं

दुपारी पुतणीचा फोन आला, "काकू, बाबा गेले." मग पेपरांत छापून आलं, शांत, अभ्यासू गृहस्थ. खरं आहे. माझे हे धाकटे दीर मुंबईच्या निसर्ग-संग्रहालयात मेलेले प्राणी पेंढा भरून मांडायचे आणि मासिकांत त्यांच्यावर लिहायचे. मी चौथी शिकलेली. त्यांचे लेख वाचत वाचतच शहाणी झाले. सगळ्यावर लिहिलं त्यांनी, पण एका गोष्टीवर नाही. ती मी सांगते.

पन्नास सालानंतरची गोष्ट. आम्ही कल्याणला राहायचो. आंबिवलीकडच्या एका पाड्यातली सात वर्षांची मुलगी सकाळी नाहीशी झाली. चुलता म्हणाला, तरसाने ओढून नेली. झालं, अख्खा पाडा काठ्या-कोयते घेऊन निघाला. ओढ्यात तरसाची मादी सापडली, ती ठेचली... मेल्यावरही ठेचत राहिले. भाऊजींना निरोप गेला आणि संध्याकाळी ते तिला बैलगाडीतून घरी घेऊन आले. मागे सगळी माणसं, आणि गाडीला धरून मुलीची विधवा आई, हातात मडकं. म्हणाली, पोट फाडा, निघेल तेवढं द्या, पोरीला अग्नी तरी देते.

मागच्या पडवीत केळीच्या पानांवर भाऊजींनी सुरी चालवली. तो वास... असो. शेळीचे केस निघाले, हाडांचा चुरा, चपलेचं कातडं. एकेक तुकडा धुऊन त्यांनी दोनदा पाहिला. मग म्हणाले, "बाई, तुमची मुलगी हिच्यात नाही."

चुलता पुढे आला. "खाल्ली म्हनून लिवून दे." भाऊजी नाही म्हणाले, तशी त्याने काठी घातली ती सरळ कपाळावर, दुसरी हातावर. मी मध्ये पडले, मलाही बसली. कुणी हललं नाही. आईने तेवढं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"मंग माझी पोर कुठं टाकलीस?"

त्याच्या हातातली काठी गळाली. मग त्याच माणसांनी, त्याच काठ्यांनी त्याला आमच्या अंगणात असा झोडपला की रक्ताळलेले भाऊजीच त्याच्या अंगावर आडवे पडले. मेला तर पोर कुठे आहे ते कोण सांगणार, म्हणत होते. शेवटी त्यानेच सांगितलं, विहिरीत होती. पोरीच्या नावावरच्या जमिनीसाठी टाकली होती.

पोलीस त्याला घेऊन गेले. आई रिकामं मडकं उचलायला वाकली आणि तिला पानावर पांढरं दिसलं.

"दुधाची होती ही?"

भाऊजींनी मान हलवली. ती म्हणाली, "पहिला दगुड मीच घातला." मग मडकं तिथेच ठेवून गेली.

डोक्याला पट्टी बांधून भाऊजी तीन दिवस त्या ओढ्याकाठी पिल्लं शोधत होते. सापडली नाहीत.

आता त्यांचे दिवस झाल्यावर मी संग्रहालयात जाऊन आले. तीच मादी त्यांनी तिथे भरून मांडलीय. तेव्हा त्यांच्या वरिष्ठांना तिचे दात दिसायला हवे होते, लोक घाबरायला हवे होते. भाऊजींनी तोंड मिटलेलंच ठेवलं होतं. काचेपलीकडे ती अजून मान खाली घालून घाईने कुठेतरी निघालीय... आचळं भरलेली.