साल्मी रोडवरची सात कवचं

कुवेतच्या वाळवंटात रानटी कासवं राहतात का? मला माहीत नाही. दोनदा जाऊन आले, हाडं मोजली, बाजारात विचारलं, तरी मला ठामपणे काही सांगता येत नाही. उत्तर हवं असेल त्यांनी इथे फार वेळ घालवू नये. वाळवंट बघायला जायचं असेल, तर मात्र रस्ता, खाणं आणि खबरदारी यांची माहिती उपयोगी पडेल.

सुरुवात जानेवारीत झाली. मी फरवानियात एका खासगी दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. स्टाफची सहल वाळवंटातल्या एका तंबूवर गेली होती. जेवण झाल्यावर पाय मोकळे करताना मला एक कवच सापडलं. तपकिरी खवले निम्मे गळलेले, खाली पांढरं हाड, हाडांचे सांधे शिवणीसारखे नागमोडी. मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि नंतर लॅबचा डिप्लोमा केला. घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मीच पहिली. ती शिवण मला ताबडतोब ओळखू आली. पदवीनंतर चार वर्षांत प्राणिशास्त्र उपयोगी पडण्याची ही पहिलीच वेळ.

फोटो काढून कॉलेजच्या सरांना ई-मेल केला. त्यांनी लिहिलं: आणखी शोध, मोजमापं घे, जागा नोंदव. खरोखर रानटी असतील तर तुझ्या नावाने टिपण लिहू, मासिकाला पाठवू. हे मी घरी फोनवर सांगितलं, आणि ती माझी चूक झाली. बाबा गवंडीकाम करतात. पुढच्या फोनवर त्यांचा पहिला प्रश्न होता, "पेपरात कधी येतला?" त्यांनी कामावरच्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी पुन्हा निघालो. वाळवंटात जायला बस नाही. गाडी लागते, आणि डांबर सोडल्यावर फोर व्हील लागते. सुरेशदादा आमच्या शेजारच्या गावचे. एसी मेकॅनिक आहेत, बारा वर्षं इथे एकटे राहतात. त्यांच्याकडे कंपनीचा पिकअप होता आणि साहेबाची परवानगीही. बरोबर मंगलताई, आमच्या दवाखान्यातल्या सीनियर सिस्टर आणि माझ्या रूम पार्टनर, मूळच्या लातूरच्या.

"सुट्टीच्या दिवशी हाडं मोजायला निघालीस," गाडीत बसताना त्या म्हणाल्या. "दवाखान्यात कमी बघतो व्हय हाडं?"

सकाळी सहाला निघालो. बेकरीतून गरम खुबूस, म्हणजे इथल्या रोट्या घेतल्या, सहाजणांना पुरतील एवढ्या, शंभर फिल्समध्ये, म्हणजे दिनारच्या दहाव्या भागात. घरून उकडलेली अंडी, लसणाची चटणी आणि चहाचा थर्मास. पाणी माणशी चार लिटर घ्या. थंडी आहे म्हणून कमी नेऊ नका, वारा अंगातलं पाणी ओढून घेतो. जहरापर्यंत चांगला मोठा रस्ता आहे. तिथून साल्मी रोड पश्चिमेला सौदीच्या सीमेकडे जातो. दोन्ही बाजूंना हिवाळी तंबूंच्या रांगा, जनरेटर, डिश अँटेना, उंट. सुमारे चाळीस किलोमीटरवर आम्ही डावीकडे कच्च्या रस्त्याला लागलो.

एक सूचना मनापासून. आधी गेलेल्या गाड्यांच्या चाकोरीतूनच चाला, आणि धातूच्या कुठल्याही वस्तूला हात लावू नका. इराकबरोबरची लढाई संपून पंधरा वर्षं झाली, तरी वाळू अजून काय काय वर काढते. अर्धवट पुरलेलं कवच लांबून सुरुंगासारखं दिसतं. मी प्रत्येक वेळी पाच पावलांवर थांबून खवल्यांच्या रेघा दिसतात का ते बघायची आणि मगच पुढे जायची.

वाळवंट म्हणजे उंच टेकड्या असं मनात असेल तर निराशा होईल. इथे सपाट, खडेमिश्रित माती आहे. पाऊस होऊन गेल्यामुळे फिकट हिरवी लव उगवली होती. अरफजची गुडघाभर झुडपं आणि त्यांच्या मुळाशी वाऱ्याने साठवलेली वाळूची ढिगुळं. कवचं तिथेच सापडली, बहुतेक पूर्वेच्या बाजूला. जानेवारीतलं पहिलं जिथे होतं तिथेच होतं. साडेदहापर्यंत आणखी पाच मिळाली. एक पालथं पडलेलं, त्यात वाळू भरून एक रोपटं आलेलं. मी शिंप्याच्या टेपने लांबी-रुंदी घ्यायची, वहीत लिहायची, मंगलताई त्यांच्या कॅमेऱ्याने फोटो काढायच्या. सहाही जवळजवळ सारख्या आकाराची होती. तळहाताहून थोडी मोठी.

दादा कमरेवर हात ठेवून बघत होते. "गो बाय, ह्यांचो एसी बंद पडलो असतलो. कंप्लेंट करूक नंबर नाय गावलो."

मी हसले. त्या वेळी मनात टिपणाचं पहिलं वाक्य तयार झालं होतं. शेवटी नाव कसं छापायचं, वडिलांचं नाव मध्ये घालायचं का, इथपर्यंत मी पोचले होते.

मग दादांनी लांबून हाक मारली. "ह्या बघ, सातवा!"

उचलू नका असं सांगूनही ते उचलून घेऊन आले. माझ्या हातात देता देता त्यांनी ते उलटं केलं आणि थांबले. मागच्या कडेला एक भोक होतं. त्यातून तांब्याच्या तारेचा बोटभर तुकडा लोंबत होता.

कोल्ह्याचा दात असेल, किडा असेल, असं मी म्हणून बघितलं. तारेचं काय, ते म्हटलं नाही.

"ह्या भोक ड्रिलाचा," दादा म्हणाले. "चार एमएम. रोज पाडतंय मी, माका सांगू नको. कोणीतरी बांधून ठेवललो ह्येका."

टेप लावला. चार मिलिमीटर.

म्हणजे हे कुणीतरी घरी पाळलेलं. मुलांसाठी आणलं असेल, मग कंटाळून किंवा दया येऊन इथे आणून सोडलं असेल. आणि एक तसं असेल तर उरलेली सहा? त्यांना भोकं नव्हती, पण प्रत्येक जण काही ड्रिल घेऊन बसत नाही.

मी कवच उलटसुलट करून पाहिलं. वारा होता. लांब कुणाच्या तरी तंबूवर गाणी लागली होती.

"सा आसत ना तुझी?" दादा म्हणाले. "मगे सा लिव. ह्या हयच टाक. कोणाक समाजताला?"

"तुमका समाजला मां, दादा."

"मी काय तुझ्या सरांका फोन करतलंय?"

मी मंगलताईंकडे पाहिलं. "तुझं तू बघ बाई," त्या म्हणाल्या. "मला विचारशील तर भूक लागलीया."

त्यांनी सातव्याचा फोटो मात्र काढला. मी न सांगता. मी वही सहाच्या ओळीवर बंद केली. कवच झुडपाखाली ठेवलं. इथलं काही उचलून घरी नेऊ नये, हाडंसुद्धा. मग पिकअपच्या सावलीत खुबूस आणि अंडी खाल्ली. चटणी दादांनी संपवली.

परतताना राई नावाच्या भागातला शुक्रवार बाजार केला. जुनं फर्निचर, गालिचे, कपडे, सायकली आणि मागच्या अंगाला पक्षी-प्राणी. फरवानियाहून इथे बसने येता येतं. एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये वीस-पंचवीस कासवं एकमेकांवर चढत होती. तळहाताहून थोडी मोठी. किंमत दोन दिनार. विकणारा बांगलादेशी होता.

"भैया, ये कहां से आते हैं?"

"मालिक बोलता है बर्र का है, दीदी." बर्र म्हणजे इथलं वाळवंट. "हमको मालूम नहीं. गाडी आता है, हम उतारता है. लेगा?"

मी नको म्हटलं. त्याने क्रेटवर ओलं पोतं टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या दिवशी मोजण्यासारखं काय मिळालं, याचा मी नंतर विचार केला. पुन्हा गेले असते तर आणखी कवचं मिळाली असती, पण प्रश्न तिथेच राहिला असता. जिवंत कासव, पिल्लू किंवा अंडी सापडली तरच काही म्हणता येईल. ती मला सापडली नाहीत. कुणा वाचकाला दिसली तर हात न लावता फोटो काढा आणि मला कळवा.

शनिवारी लॅबमध्ये एका पेशंटचं एक रीडिंग बाकीच्यांशी जुळेना. मी ते पुन्हा लावलं, तेच आलं, आणि रिपोर्टवर लिहिलं. आम्ही रोज असंच करतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. संध्याकाळी सायबर कॅफेत बसून सरांना लिहायला घेतलं. सहा फोटो जोडलेले होते. ते काढून पुन्हा जोडायला अर्धा तास गेला, लाईन फार हळू होती.

सोमवारी भावाच्या मोबाइलवर बाबांना फोन केला. सांगितलं की पेपरात काही येणार नाही. ती कासवं बहुतेक बाजारातली.

"मगे येवढ्या लांब गेलंस कित्याक?"

"बघूक."

मग ते म्हणाले, "जेवलंस?"

हो म्हटलं. सरांना ई-मेल जाऊन तेव्हा दोन दिवस झाले होते. त्यात सातही फोटो होते, आणि तारेचा सगळ्यांत आधी.