उघाडीच्या फळ्या

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. शहराजवळ नदीच्या बांधावर आता चालायला आणि सायकलींसाठी छान वाट झाली आहे. परवा तिथे गेलो आणि जुन्या उघाडीपाशी, बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, पाय थांबले. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून तिथे आम्ही फळ्या बसवायचो. तरुणपणी एके दिवशी राखणीची पाळी माझ्या मित्राची होती. तो जेवायला गेला तेव्हा मी पाण्याबरोबर येणाऱ्या कोलंबीसाठी फळ्या काढून जाळं लावलं आणि टोपली भरताच घरी पळालो. फळ्या तशाच राहिल्या. तो परतला तोवर शेतं पाण्याखाली गेली होती. गावाने त्यालाच बोल लावला. मी गप्प राहिलो.

परवा तिथल्या बाकावर त्या मित्राची बायको बसली होती. धीर करून म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी फळ्या मी काढल्या होत्या."

"त्यांना ठावं व्हतं, भावजी," ती हसली. "तुमचं जाळं तिथंच ऱ्हायलं व्हतं, त्यांनीच लपवलं. कोलंबी मात्र एकट्यानंच खाल्लीत!"

मीही हसलो. किती वर्षांनी छाती मोकळी झाली. पण तो आता नाही. "माझं चुकलं रे, गावासमोर मी बोलायला हवं होतं," एवढंच त्याला सांगायचं राहून गेलं.