डोलकाठीवरची ओढणी

माझी मुलगी दहावीत आहे आणि सध्या तिला एका सिनेमाचं वेड लागलंय. शाळेतला मुलगा, शाळेतली मुलगी, सायकल, दोन गाणी, आणि शेवटी दोघं दोन गावांना निघून जातात. झालं. एवढ्यावर ही बया मोबाईल छातीशी धरून मुसमुसत बसते. मी म्हटलं, ऊठ, भांडी पडलीत. तर म्हणे, तुला पहिलं प्रेम म्हणजे काय ते माहीतच नाही. डोंबलाचं पहिलं प्रेम! असल्याच एका सिनेमापायी माझं जे व्हायचं ते होऊन गेलंय. पण हे तिला कोण सांगणार, आणि कशाला?

मी बारावीला होते. तारापूरच्या पुढे किनाऱ्याला आमचं गाव. बाबांची स्वतःची बोट, आई बोंबील वाळवून विकायची. तो बाबांच्या बोटीवर खलाशी होता, मनोरच्या पलीकडल्या डोंगरातला. भातकापणी झाली की त्याचं सगळं गाव वीटभट्टीवर जायचं. हा एकटा समुद्रावर आला. आला तेव्हा त्याला धड पोहता येत नव्हतं, आणि बोट हलली की ओकायचा. बाकीचे खलाशी हसायचे. जेवायला तो आमच्याकडेच असायचा, वाढायला मी. काटे काढता काढता त्याच्या नाकी नऊ यायचे, म्हणून मी त्याला गाभोळी, म्हणजे माशाची बिनकाट्याची अंडी, वाढायला लागले. एवढंच झालं हो सुरुवातीला. बाकी सगळं त्यातून वाढत गेलं.

भांगाच्या दिवसांत समुद्राला ओढ नसते, जाळ्यात काही येत नाही, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. अशाच एका भांगात मी कॉलेज बुडवलं आणि आम्ही बोईसरला दुपारचा शो बघितला. त्या सिनेमातला पोरगा गावातल्या पाण्याच्या टाकीवर चढतो आणि टोकाला तिची ओढणी बांधतो, का तर तिला गच्चीवरून रोज दिसावी. ती बघते, लाजते, गाणं सुरू होतं. थिएटरात शिट्ट्यांचा पाऊस पडला. यानं शिट्टी मारली नाही. गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत शिकवलेलं ऐकावं तसा बघत होता. परत येताना रिक्षात आम्ही लांब लांब बसलो. उतरण्याआधी त्यानं माझी ओढणी मागितली. पिवळी, हिरव्या काठाची, आईनं पालघरच्या बाजारातून आणलेली. मला वाटलं, उशाशी ठेवील. दिली. घरी सांगितलं, वाऱ्यानं उडाली.

त्याला जे ठाऊक नव्हतं ते मी कधी सांगितलंच नव्हतं, कारण असलं कुणी कुणाला सांगत नाही. आमच्या गावात डोलकाठीवर कापड चढतं ते एकाच कारणानं. बोटीवर कोणी दगावलं की असेल ती चादर, असेल ते धोतर टोकाला बांधतात. बोट टेकायच्या आत किनाऱ्याला कळावं, म्हणून. मोबाईल आले तरी हे सुटलं नाही. फोनवर ते बोलायला तोंड कुणाचं होणार? आमच्याकडल्या शेंबड्या पोराला हे कळतं. डोंगरातल्या पोराला कुठून कळणार?

पुढच्या फेरीहून बोट परतत होती. सकाळची वेळ होती. डोलकाठीवरचा दिवा सैल झाला होता म्हणून बाबांनी त्याला वर चढवलं आणि स्वतः खाली केबिनमध्ये सुकाणू धरून राहिले. बाकीचे दोघं मासळी निवडत होते. वर काय चाललंय ते एकालाही दिसलं नाही, हे नंतर कळलं.

किनाऱ्यावर आम्ही बायका वलांडींवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, बोंबील टाकत होतो. कोणीतरी ओरडलं आणि सगळ्यांचे हात थांबले. खाडीच्या तोंडाशी आमची बोट, आणि तिच्या टोकाला कापड. लांबून रंग कळत नव्हता. आईनं बाबांना फोन लावला, तो लागेना. बोटीवर चौघं होते, त्यातल्या एकट्या बाबांच्याच छातीत महिनाभर दुखत होतं. आई मटकन खाली बसली. बायकांनी सूर लावला. मीही रडायला लागले. मग बोट वळली, कापडावर ऊन आलं आणि हिरवा काठ दिसला.

बाबा जिवंत आहेत हे त्या अख्ख्या किनाऱ्यावर मला एकटीला माहीत होतं. बोलले तर आम्ही दोघं संपलो, आणि बोट टेकेपर्यंत गप्प राहिले तर कदाचित तो खाली उतरून ते सोडूनही घेईल. एवढा विचार डोक्यातून गेला तोवर आई उठली होती. तिनं डावा हात वलांडीच्या खांबावर आपटला. काचा उडाल्या. मग उजवा उचलला.

मी तो धरला. "आये, थांब. कोण नाय गेला. ती माजी ओढणी हाय."

आईनं कापडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. डाव्या मनगटातून रक्त येत होतं. नवरा जिवंत असताना तिच्या हातून बांगड्या फुटल्या होत्या, सगळ्या गावासमोर. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

बोट लागली. बाबा पाण्यात उतरले आणि विचारायला लागले की एवढ्या बायका कशाला जमल्यात. त्यांच्या मागे तो उभा होता. मला शोधत होता आणि हसत होता. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. मग त्याला बाकीच्यांचे चेहरे दिसले.

बाबांनी हात उचलला नाही. पिशवी घे आणि नीघ, एवढंच म्हणाले. "मला ठाव नव्हता, शेट," तो म्हणाला. दुसऱ्यांदाही तेच म्हणाला. गावातल्या कुठल्याच तांडेलानं त्याला पुन्हा बोटीवर घेतलं नाही. जित्या माणसाचं कापड चढवणारा खलाशी कोणाला हवा असतो? तो बोईसरला गेला, ठेकेदाराकडून एका केमिकल कंपनीत लागला. माझं कॉलेज सुटलं. त्याच रस्त्यानं माझी एसटी जायची, पण आता त्या एसटीत मी नव्हते.

वर्षाच्या आत माझं लग्न ठरलं. नवरा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. हळदीच्या दिवशी कासारणीनं दोन्ही हातांत हिरवा चुडा भरला. त्याच दुपारी बाबांचा जुना खलाशी, डोंगरातल्या त्या पोराच्या शेजारच्या गावचा, ओटीवर येऊन बसला आणि बोलता बोलता म्हणाला की कंपनीत रिअॅक्टर फुटला, आपला तो पोरगा गेला, ओळखूसुद्धा येत नव्हता, गावी नेऊन सगळं उरकलं पण. बाबांनी पाणी मागितलं आणि तांब्या तसाच हातात धरून बसले. मी आत होते, मला सगळं ऐकू आलं.

मला रडायचा हक्क नव्हता. कोण होता तो माझा? अंगाला हळद लागायची होती आणि ओटीवर पाव्हणे होते.

आईनं मोरीतून साबणाचं पाणी आणलं आणि दार लोटलं. वर्षभरात ती माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलली नव्हती. तिनं माझा डावा हात मांडीवर घेतला, साबण लावला आणि एकेक बांगडी उतरवायला लागली. एकही फुटू दिली नाही.

"एकाच हातातल्या काढतंय," ती म्हणाली. "माज्या पण एकाच हातातल्या फुटल्या व्हत्या. आता रड. आवाज नको काढू."

तिनं पदराचा बोळा माझ्या तोंडात दिला. मी रडले. मग बाहेरून बायका हळदीला हाका मारायला लागल्या, तेव्हा तिनं माझा हात पुसला आणि बांगड्या पुन्हा भरल्या.