कारण ठाऊक असलेले काका

"कारणाशिवाय काय होत न्हाय!" असं म्हणून काका तर्जनी वर करायचे आणि मग ती बायकोकडे वळवायचे. काकू शेजारच्या खुर्चीत सुजलेली बोटं पदराखाली घेऊन बसलेल्या असायच्या.

राजारामपुरीतल्या संधिवाताच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटचे नातेवाईक पुष्कळ पाहिले, पण इतका नकोसा माणूस दुसरा नाही. काका एसटीत चेकर होते. निवृत्त झाले तरी बिनतिकिटाचं कोण ते शोधायची खोड गेली नव्हती. घरात सापडायला एकटी बायकोच होती.

काकूंची एक म्हैस होती, रेडकू असल्यापासून त्यांनीच वाढवलेली. संध्याकाळी गिऱ्हाइकं दारात उभी राहून धारोष्ण दूध प्यायची, तेवढीच चार माणसं काकूंना भेटायची. बोटं सुजली तसं काकांनी ठरवून टाकलं, हे धारा काढूनच झालं. म्हैस कुरुंदवाडच्या एका पाहुण्याला विकली. बोटं होती तशीच राहिली. पुढे गुडघे धरले, तेव्हा म्हणाले, "बसून बसून झालंय. म्हस गेल्यापासनं हिला हालचालच न्हाय की!"

हे बोलताना त्यांना लाज तर सोडाच, हसूही आलं नाही.

आमचे डॉक्टर समजावायचे, "काका, या आजारात शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच सांध्यांवर उलटते. का उलटते, ते अजून पुरतं कळलेलं नाही. काही आनुवंशिक असतं, सिगारेटनं धोका वाढतो. पण एका माणसाला नेमकं कशानं झालं, ते सांगता येत नाही."

"म्हाईत न्हाय म्हणायला एवढी फी?" म्हणत काकांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट हळूच आत ढकललं. "आन् ही कुठं सिगारेट वडती?"

खरं सांगते, ते पाकीट बघून मला फार आनंद झाला. सापडला चोर! काकांच्या धुरानं झालं असेल का, असं मी नंतर विचारलंही, पण डॉक्टरांनी तेवढंही सुख मिळू दिलं नाही. "तेही खात्रीनं म्हणता येत नाही," म्हणाले.

मग काकूंचं दही बंद झालं. पाऊस फार म्हणून चंदगडचं माहेरही बंद झालं. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आजाऱ्याला आधी गुन्हेगार ठरवल्याशिवाय त्याच्याच्यानं औषध देववत नाही.

जाताना मात्र खाली बसून काकूंच्या पायात चपला काकाच घालायचे, आणि घालतानाही बडबडायचे. ते बघून माझा राग कमी व्हायचा नाही.

मागच्या उन्हाळ्यात काका हृदयविकारानं गेले. त्यानंतर काकू पहिल्यांदा एकट्या आल्या. मी त्यांच्या बोटांचा व्यायाम घेत होते.

"मॅडम, एक इचारू? म्हशीनं झालं न्हवतं न्हवं हे?"

"नाही हो काकू. तिचा काही दोष नव्हता."

काकू शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या.

"टेम्पोत चढत न्हवती," त्या म्हणाल्या. "ह्यांनी लई वडली. मग मी हाक मारली, तवा चढली."