कच्चं नत्र

आप्पांना काहीही विचारा, ते आधी वाकून हाताला येईल त्या झाडाचा देठ मोडायचे. खिशातल्या बाटलीतला तेजाबी थेंब मोडल्या जागी टाकायचे आणि रंग बघत बसायचे.

"आप्पा, केडगावची गाडी गेली का?"

"थांब, देठ बघू."

तुम्ही असता तर तुम्हीही हसला असता. त्यांच्या एकाही सदऱ्याचा खिसा धड नव्हता.

सत्तरच्या दशकात दौंडजवळच्या एका उसाच्या मळ्यावर ते देखरेखीला होते. पूर्वी शेतकी प्रयोगशाळेत बाटल्या धुवायचे. धुता धुता ही परीक्षा शिकले. देठ निळा झाला, की झाडात कच्चं नत्र साठलंय, म्हणायचे.

मी सातवीतून शाळा सोडून यवतमाळकडून आलेला. मला कामावर त्यांनीच घेतलं. माझ्या बोलीची बाकीचे नक्कल करायचे. आप्पा म्हणायचे, "त्याच्या बोलीनं तण मरत न्हाई व्हय रं?"

उसातल्या तणावर औषध मारायचं होतं. "वारं सुटलं की पंप खाली ठेव," आप्पांनी बजावलं होतं. वारं सुटलं तेव्हा मालक बांधावर उभे होते. थांबलो तर हाकलतील, असं मला वाटलं. मी मारत राहिलो.

चार दिवसांनी शेजारच्या मामांची वांगी पिळवटली. त्यांच्या बांधावरची माठाची भाजी वेडीवाकडी झाली. मामा विळा घेऊन आले होते.

"वांगी तर गेली. माठ तरी गाईला घालतो. गाभण हाय."

आप्पांनी माठाचा देठ मोडला. थेंब पडताच गडद निळा. दुसरा मोडला. तिसरा.

"मामा, ह्यो गाईला घालू नका."

"का वो? हिरवागार तर हाय."

"आमच्या रानातनं तणाचं औषध उडून आलंय. झाड खत वढतंय, पर त्याला ते पचंना. कच्चंच साठलंय आत. गाय मरंल."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. "औषध मारलं कुणी?"

"वारं बघायचं काम माझं हाय," आप्पा म्हणाले.

मी पायानं ढेकूळ फोडत होतो.

मामा मालकांकडं गेले. संध्याकाळी आप्पांची वळकटी खोलीबाहेर आली. मालकांनी मला काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आप्पा कवठे येमाईला लेकीकडं निघाले. जाताना म्हणाले, "येळेवर जेवत जा."

महिन्याभरानं गाय व्याली. मामांनी खरवसाचा डबा माझ्या हातात दिला.

"उद्या सुट्टी हाय ना तुझी? आप्पांला नेऊन दे. त्यांच्यामुळं गाय वाचली."

शिरूरच्या स्टँडवर उतरलो. कवठ्याची एसटी लागली, भरली, गेली. दुसरीही गेली. आप्पांसमोर उभं राहून काय बोलायचं, ते ठरत नव्हतं. दुपारी बाकावर बसून तो खरवस मी खाल्ला. चव कळली नाही. नळावर डबा धुतला आणि परतीची गाडी धरली.

रिकामा डबा देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर घातली. मामांनी झाकण उघडून बघितलं.

"खाल्ला का त्यांनी?"

"व्हय," मी म्हणालो. "ग्वाड झालता म्हणाले."