सावंत बाईंना मी नापास केलं

सावंत बाई आज सकाळी गेल्या. फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू?

चला, आता त्यांना कळायचं नाही.

लाज वाटते लिहायला. पण लिहिणार.

माणिकपूरच्या मार्केटात माझ्याकडून मासे घेणाऱ्यांना बाई आठवत असतील. रिटायर्ड शिक्षिका, एव्हरशाईनच्या बिल्डिंगींत राहायच्या. मांदेली घेताना एकेक उलटीपालटी करून बघायच्या.

मी ओरडायचे, "बाई, लग्न लावायचंय का त्यांचं? घ्या नायतर पुढे चला."

बाई हसायच्या आणि परत पहिल्यापासून बघायला लागायच्या.

मासे बांधायच्या आधी रद्दीचा कागद वाचायची मला खोड आहे. बोट ठेवून, हळूहळू. बाईंनी ते पाहिलं.

"एल्सी, कितवी शिकलीस?"

"पाचवी. मंग आई आजारी पडली. बोंबील कोन सुकवनार?"

"दहावीला बस. सतरा नंबरचा फॉर्म भरला की बाहेरून बसता येतं."

"बाई, मी सत्तेचाळीसची हाय!"

"मग अठ्ठेचाळीसची होशील. परीक्षेला नाही बसलीस तरी होशीलच."

झालं. रोज मासे संपले की दुपारी बाईंच्या घरी. मी आणि माझ्या बाजूला गजरे विकणारी संगीता.

संगीताला एका शाळेत शिपायाची नोकरी लागत होती, दहावी पाहिजे होती. पण ती माझ्यापेक्षा भित्री. म्हणाली, "ताई, तू आधी बस. तू पास झालीस तर पुढच्या वर्षी मी."

बिल्डिंगमधला एक माणूस बाईंना म्हणाला, "मच्छीवालीला लिफ्टने आणू नका, वास येतो."

बाई म्हणाल्या, "मग तुम्ही जिन्याने जा."

अशा होत्या बाई.

आणि मला अभ्यास येत होता. खोटं नाही सांगत. गणितात तर बाई लाल पेनाने "छान" लिहायच्या, ती वही मी अख्ख्या मार्केटला दाखवायचे. दहावीला बसतेय, दहावीला बसतेय, सगळ्यांना सांगून झालं.

तिथेच फसले.

परीक्षा जवळ आली तशी मला एकच दिसायला लागलं. मी नापास झालेय आणि सगळं मार्केट हसतंय. पुस्तक उघडलं की अक्षरं नाही, मार्केटातल्या बायकांची तोंडं दिसायची. आठ दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. बाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलाकडे होत्या, धरून बसवायला कोणी नव्हतं.

पहिल्या पेपरला गेले. चांगली साडी, दोन पेनं, हॉलतिकीट. गेटवर सगळी गणवेशातली पोरं. माझ्या एका गिऱ्हाइकाची मुलगी तिथे भेटली. "मावशी, मुलीला सोडायला आलात?"

मी म्हटलं, "हो."

बस. एवढंच. "हो" बोलले आणि मागे फिरले.

जाऊन चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. पेपर संपायच्या वेळेला बाईंचा फोन.

"कसा गेला?"

"बरा गेला."

सगळ्या पेपरांना हेच. देवाच्या घरात बसून खोटं.

रिझल्टपर्यंत बाई परत आल्या होत्या. पास सांगितलं असतं तर मार्कशीट मागितली असती. म्हणून म्हटलं, "नापास झाले. गणितात." ज्याला घाबरून पळाले तेच माझ्या तोंडाने सांगितलं. आणि सांगताना काही वाटलंही नाही.

"गणितात? तू?"

बाईंनी माझी वही काढली. डोळ्याला त्रास होता तरी एकेक पान बघितलं. किती वेळ. मग म्हणाल्या, "तुझं काही चुकत नाहीये गं. माझंच चुकलं. घड्याळ लावून पेपर सोडवून घ्यायला पाहिजे होते. म्हातारी झाले मी, मला आता शिकवता येत नाही."

मी समोर बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी संगीता म्हणाली, "तुला नाय जमलं, मला काय जमनार?" तिने फॉर्म भरलाच नाही. बाईंनी शिकवणी बंद केली. नंतरही मासे घ्यायला यायच्या, पण अभ्यासाचं नाव काढायच्या नाहीत. मला सुटल्यासारखं वाटायचं. बघा कशी आहे मी.

कन्फेशनमध्ये फादरना सांगितलं. फादर म्हणाले, "देव माफ करील, पण आधी जाऊन बाईंना सांग." तेव्हापासून मी कन्फेशनलाच गेले नाही.

आज बाईंच्या घरी गेले. त्यांच्या मुलाने मला ओळखलं. म्हणाला, "एल्सीताई ना? आई फार बोलायची तुमच्याबद्दल. म्हणायची, आयुष्यभर शिकवलं आणि शेवटच्या विद्यार्थिनीला माझ्यामुळे अपयश आलं."

दहा माणसं बसलेली. मी तिथेही गप्प. हात जोडले आणि खाली उतरले.

म्हणून इथे लिहिते. सगळ्यांनी वाचा. मार्केटवाल्यांनी पण वाचा, हसायचं तर हसा.

मी नापास झाले नव्हते. मी परीक्षेला बसलेच नव्हते.

संगीता, तुला मी घाबरवलं, ते खोटं सांगून घाबरवलं. बाईंचं शिकवणं एकदम पक्कं होतं. तुझ्या वह्या अजून असतील तर काढ. उद्या मार्केटात मला शिव्या घाल, पण फॉर्म भर.

मी भरीन का? माहीत नाही. आता आधीच सांगून बसणार नाही.

बाई, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. तुम्ही घाई न करता शिकवलंत, मला सगळं येत होतं. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं, ते झालं नाही.

श्रद्धांजली वाहायला माझं तोंड नाही. नुसता नमस्कार करते.

जा बाई, नीट जा.

— एल्सी