न सांगितलेले जुलाब

बायकोच्या किडनीच्या आजाराची वही मी तीन वर्षं नेमानं ठेवतोय: रक्तदाब, वजन, लघवीतलं प्रोटीन. यंदा महालक्ष्म्यांचं जेवण झालं आणि तिची लघवी पुन्हा काळ्या चहासारखी झाली.

परभणीच्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी पोट बिघडलं होतं?"

वहीत पोटाची नोंदच नव्हती.

"या आजारात आतड्यातल्या जंतूंचा तोल गेला की तिथं सदोष प्रतिपिंडं तयार होतात. ती रक्तातून किडनीत जाऊन अडकतात," ते म्हणाले.

बायको पुटपुटली, "चार दिवस जुलाब होते."

"मग मला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर आत्याबाईंनी नैवेद्याला हात लावू दिला असता का?"

घरी आईला, म्हणजे तिच्या आत्याबाईंना, सगळं समजावलं. ती म्हणाली, "पोटानं कुठं किडनी खराब होती व्हय?"

माझ्या हातात रिपोर्ट होता. प्रोटीन दुप्पट झालं होतं.